अकरा पिवळे कुत्रे

भागूकाकीचा कुत्रा उचलून न्यायची पाळी आली ती माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं ते सगळ्या आळीसमोर निघालंच, आणि तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

भागूकाकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. चुलता गेला, पोरगी भिवपुरीला दिलेली. पोशीरच्या घरात आता काकी आणि बोका. बोका हा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा चुलीच्या राखेत झोपायचा आणि दुधाच्या टोपात तोंड घालायचा, म्हणून काकीनं नाव ठेवलं बोका. आता गुडघ्याच्या वर आलाय तरी नाव तेच. काकीची एक रीत हाय. बोक्याच्या जर्मलच्या ताटलीत आधी भाकरी कुस्करायची, वर सुकटीचं कालवण, तो चाटूनपुसून उठला की मग आपलं ताट वाढून घ्यायचं.

ह्या उन्हाळ्यात बोक्याला खरूज लागली. पाठीवरचे केस गेले, कानामागं खपल्या धरल्या, खाजवून खाजवून बरगड्या मोजता यायला लागल्या. आमच्याकडं खरजेला औषध एकच. करंजाचं तेल घ्यायचं, त्यात गंधक आणि हळद कालवायची, कोमट करून अंगभर चोळायचं आणि जनावर तासभर उन्हात बांधून ठेवायचं, म्हणजे तेल मुरतं. तेल देतो ठाकरवाडीचा पोशा. करंजाच्या बिया तो आणि त्याची बायको रानातून वेचून आणतात. ते तेल लावलेला कुत्रा दिसतो पिवळाजर्द आणि त्याचा वास असा, की माशीसुद्धा वळसा घालून जाते.

त्यात बोक्याच्या गळ्यात लोढणं. म्हणजे दोरीनं बांधलेला हातभर लाकडाचा ओंडका. जनावर धावाय लागलं की तो पुढच्या पायांत येतो. आमच्याकडं पळणाऱ्या गुराला घालतात, काकीनं कुत्र्याला घातला. कारण बोका शेजारच्या धोंडीच्या कोंबड्यांमागं लागायचा. दोन कोंबड्या गेल्यावर धोंडी कोयता घेऊन दारात आला, तेव्हा काकी म्हणाली, मान कापण्यापरीस मानेला ओंडका बरा.

आता पलीकडून कसं दिसत असेल बघा. काकीच्या अंगणाला लागून तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं माधवी मॅडमचं फार्महाऊस. मॅडम मुंबईच्या, शनिवार-रविवारी येतात. माणूस वाईट नाय. येताना रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं आणतात, मोटारीखाली मांजर बसलंय का ते वाकून बघतात आणि मग गाडी चालू करतात.

एका रविवारी मी काकीच्या दारात टेंपोतनं कौलं उतरवत होतो. मॅडम कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, गजाभाऊ, त्या कुत्र्याच्या अंगावर पिवळं काय आहे?

आता सरळ उत्तर द्यायला काय झालं होतं? पण तसं तोंडातनं येतच नाय माझ्या. मी एकदम गंभीर झालो.

"रसायनीवरनं आणलंय, मॅडम. कारखान्यातली पिंपं धुतल्यावर उरतं ना, ते."

मला वाटलं, बाई हसतील. बाई हसल्या नायत. त्याला भाजत नाही का, असं विचारलं. मी म्हणलं, पहिल्यांदा ओरडतो, मग सवय होते. असं म्हणून मी टेंपो काढला आणि नेरळपर्यंत एकटाच हसत गेलो.

बुधवारी ग्रामपंचायतीचा शिपाई रोहिदास कागद घेऊन आला. प्राण्यांच्या कुठल्याशा संस्थेकडं तक्रार गेली होती, सोबत बोक्याचे चार फोटो. काकीला चष्म्यानंबी वाचता येईना, म्हणून मीच वाचून दाखवलं. एक, अंगावर रसायन ओतून कातडी जाळली. दोन, गळ्यात ओंडका बांधून छळ केला. तीन, अन्नपाणी न देता भर उन्हात बांधून ठेवलं. शनिवारी अकरा वाजता संस्थेची डॉक्टर गाडी घेऊन येणार, आणि तक्रारीत तथ्य दिसलं तर कुत्रा ताब्यात घेणार.

पहिली दोन कलमं काकीनं ऐकून घेतली. तिसऱ्यावर मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

"मी त्याला उपाशी ठेवते, असं ल्हिलंय?"

"तसंच ल्हिलंय."

तिनं कागद माझ्या हातातनं घेतला आणि त्याची घडी घातली. मग म्हणाली, "तिकडं नेला तर त्याला बोका म्हणून हाक कोण मारंल रं? त्याला दुसरं नाव ठाऊक नाय."

मॅडमचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. फोन लावून, मॅडम, मी तुमची मस्करी केली, एवढं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं. पण मला त्यापेक्षा भारी सुचलं.

तक्रार कशाची? पिवळ्या कुत्र्याची, गळ्यात ओंडका असलेल्या. मग आळीतले सगळेच कुत्रे पिवळे केले आणि सगळ्यांच्या गळ्यात ओंडके घातले, तर गाडीवाले कोणता नेतील? वर विचारलं की प्रत्येकानं सांगायचं, हा कुत्रा आमचा नाय. मालक नाय, तर छळ कुणी केला? मी आळीत घरोघर जाऊन हे समजावून आलो. धोंडी, ज्याच्या कोंबड्या बोक्यानं खाल्ल्या होत्या, तोच सगळ्यात आधी तयार झाला. कोंबड्यांचं काय ते मी बघून घेईन, पण बाहेरच्यांनी येऊन आमचा कुत्रा न्यायचा म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी दुपारी पोशा पाच लिटरचा कॅन घेऊन उतरला. किती कुत्र्यांना खरूज लागलीय, असं त्यानं विचारलं. मी म्हणलं, एकाला. मग एवढं तेल कशाला, तो म्हणाला. मी बेत सांगितल्यावर त्यानं कॅन खाली ठेवला. म्हणाला, आमच्या वाडीत तुझ्यासारखा एक होता, त्याला आमी लग्नाला बोलवायचो नाय. पण बाह्या वर सारून तोच पुढं झाला.

ते दोन तास मी जन्मात विसरणार नाय. धोंडीचा जॅकी, लठ्ठ, वीतभर पायांचा, बाजेखाली शिरला तो बाज उचलल्यावर बाजेसकट निघाला. देवळामागची लंगडी कुत्री तेल लागल्यावर लंगडायची विसरली आणि ओढ्यापार गेली. रोहिदासची टिपी तेवढी शहाणी, पाठ देऊन उभी राहिली, मालीश चालल्यासारखी. ओंडक्यांसाठी कुणी जळणातलं लाकूड दिलं, कुणी बॅटचा मोडका दांडा, धोंडीच्या बायकोनं जुनं मुसळ कापून दिलं. संध्याकाळी आळीत दहा नवे पिवळे कुत्रे आणि अकरावा बोका. आळीला असा वास, की टपरीवर चहा प्यायला कुणी थांबेना.

काकीला मी बजावलं, तू फक्त गप बस. कुणी विचारलं तर म्हण, सगळे सारखेच दिसतात, मला काय ओळखू येत नाय. काकी हो म्हणाली नाय, नाय बी म्हणाली नाय. मी आपलं ते हो धरलं.

शनिवारी अकराला पांढरी गाडी आली. मागं एक पिंजरा, एकच. डॉक्टरचं नाव सुरभी, तिशीची असेल, पायात गमबूट. मागोमाग माधवी मॅडम मोबाईल घेऊन आल्या. दोघी आळीत शिरल्या आणि जाग्यावर थांबल्या. कट्ट्यावर, गटारापाशी, विहिरीपाशी, जिथं बघावं तिथं पिवळा कुत्रा, गळ्यात लाकूड. मॅडमचा हात तोंडावर गेला. सगळं गावच कुत्र्यांना रसायन लावतंय, असं वाटलं असणार त्यांना.

डॉक्टरनं जवळच्या जॅकीच्या पाठीवरनं बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"करंज," ती म्हणाली. "गंधक जरा जास्तच झालंय."

मला तिथंच कळायला पाहिजे होतं. ही डॉक्टर पोरगी खालापूरच्या बाजूची निघाली, आजोबांकडं चार बैल, हे तेल तिच्या घरातलंच. पण मी आपला नाटकात रंगलेला.

तिनं वही काढली आणि एकेकाला विचारत गेली. कुत्रा कुणाचा? धोंडी म्हणाला, ह्याला मी कधी पाहिलेला नाय. तो हे म्हणत असताना जॅकी त्याच्या पायावर डोकं ठेवून शेपूट हलवत होता. रोहिदास म्हणाला, टिपी कोण, आमच्याकडं टिपी नाय. नाव डॉक्टरनं विचारलंच नव्हतं. तिनं शांतपणे लिहून घेतलं आणि प्रत्येकाची सही घेतली. मी मागं उभा राहून हसू दाबत होतो.

तेवढ्यात मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाल्या, रसायनीचं केमिकल आहे, पहिल्यांदा ओरडतो मग सवय होते, हे मला यांनीच सांगितलं.

सगळी आळी माझ्याकडं वळली. मी म्हणलं, अहो, ती मस्करी होती. कुणी हसलं नाय. काकीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. तिनं कोयता उचलला असता तरी परवडलं असतं.

डॉक्टरनं वही मिटली आणि पिशवीतनं सुईचा डबा काढला. म्हणाली, खरजेचा कुत्रा ह्यात एकच आहे, बाकीच्यांचे केस तेलाखाली चांगले दाट आहेत. मी एकेक तपासून तो शोधीन, पण तोवर दुपार होईल. "करंजानं खपली मऊ होते, पण किडा कातडीच्या आत राहतो. इंजेक्शननं खाज थांबेल. ज्याचा आहे त्यानं सांगितलं तर आत्ता देते."

गाडीचं मागचं दार उघडंच होतं. पिंजरा समोर दिसत होता. मी काकीला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नको. ती माझ्याकडं बघतच नव्हती. विहिरीपाशी बोका मागच्या पायानं मान खाजवत होता, आणि ओंडका दर वेळेला दगडावर आपटत होता, टक, टक.

काकी ओट्यावरनं उठली. नऊ-दहा कुत्र्यांच्या मधनं चालत गेली आणि बोक्याच्या बाजूला खाली बसली.

"ह्यो माझा," ती म्हणाली. "बोका. न्यायचा असंल तर मला बी गाडीत घ्या. पण सुई आधी द्या."

माझं सगळं नाटक तिथंच बसलं.

डॉक्टर तिच्यापुढं उकिडवी बसली. बोक्याच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, खायला काय देता विचारलं. काकीनं भाकरी आणि सुकट सांगितली. ताटली आणून दाखवली. डॉक्टर म्हणाली, हाडं खरजेनं दिसतायत, उपाशी नाही हा. मग कात्रीनं लोढण्याची दोरी कापली. दोरीखाली मान सोललेली होती, ओली. काकीनं ते कधी बघितलंच नव्हतं, तेलात झाकलेलं. तिनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर तिला रागावली नाय. एवढंच म्हणाली, आजी, हे परत नको. कोंबड्यांना जाळी लावा, कुत्र्याला ओंडका नको. धोंडी लगेच म्हणाला, जाळी मी लावतो.

सुई बोक्यानं काकीच्या मांडीवर डोकं ठेवून घेतली. डॉक्टरनं लिहिलं, हेळसांड आढळली नाही, उपचार घरीच, पंधरा दिवसांनी दुसरं इंजेक्शन. पिंजऱ्याचं दार लावून घेतलं.

माधवी मॅडम काकीपाशी आल्या आणि सॉरी म्हणाल्या. आधी विचारायला हवं होतं, म्हणाल्या. काकी म्हणाली, "विचारलंत की. पण ह्या गज्याला. माझं दार काय बंद होतं?" मग काकीनं त्यांना चहाला आत नेलं.

मला वाटलं, झालं, सुटलो. डॉक्टरनं वहीचं नवीन पान उघडलं.

"आता उरलेले दहा."

चांगल्या कुत्र्यांना विनाकारण गंधक चोळलंय. ते चाटणार, ओकणार. कुणी चोळलं? अख्ख्या आळीचं बोट माझ्याकडं. पोशा तर दोन्ही हातांनी दाखवत होता, त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे. बरं, हे दहा कुणाचे? डॉक्टरनं मागचं पान दाखवलं. कुणाचेच नाहीत, सह्या आहेत. मग जो हाताळतो तोच सांभाळणारा, म्हणून तिनं माझं नाव लिहिलं. गजा, पोशीर, कुत्रे दहा. आजच्या आज साबणानं धुवायचे, ओंडके काढायचे, आणि महिन्याभरात दहाही जणांना रेबीजची लस टोचून घेऊन दाखवायचे. नाहीतर नोटीस, माझ्या नावानं.

धोंडी पुढं झाला, म्हणाला, बाई, जॅकी तेवढा माझा हाय. डॉक्टर म्हणाली, तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही. आणि गाडीत बसून गेली.

दुपारपासून दिवे लागायच्या आत मी सात बालद्या, दोन साबण आणि स्वतःचा शर्ट संपवला. काकी आणि मॅडम ओट्यावर बसून चहा पीत होत्या. मॅडम माझे फोटो काढत होत्या आणि काकी त्यांना सांगत होती, इकडनं घ्या, इकडनं तोंड दिसतंय. बोका त्यांच्या पायाशी पडला होता. खाज अजून होतीच, पण गळा मोकळा होता.

अंधार पडायला आला तेव्हा धोंडी दोरी घेऊन आला. जॅकी साबणानं फुगून पांढरा झाला होता आणि माझ्या टेंपोत चढून बसला होता. धोंडी म्हणाला, गजा, दे रं माझा कुत्रा.

मी म्हणलं, असं कसं, माझ्या नावावर हाय तो. अर्ज कर. दोन फोटो लाव, एक तुझा, एक त्याचा. आणि कुठला कुणाचा ते खाली नीट लिही.