पौषातली तार

भागोजीचा उजवा खांदा शिमग्यात पालखी नाचवताना निखळला, तो पुन्हा धड बसलाच नाही. पावसच्या खाडीवर माणसं पार नेणारी तरीची होडी वल्हवण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला आता वल्हं उचलेना. होडी हरिहरपंतांची. आंब्याच्या बागा सांभाळून हा माणूस तरीचाही व्याप करायचा. त्यांनी मुंबईहून होडीच्या मागे लावायचं इंजिन आणलं, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. त्याचा वेग बदलायचा तर हात मागे न्यावा लागे, आणि भागोजीचा हात मागे जात नसे. म्हणून मिस्त्रीने मोटारसायकलची तार नळीतून पुढे आणली आणि त्याच्या डाव्या हाताशी दांडी बसवून दिली. दांडी ओढली की होडी पळे, सोडली की आतली स्प्रिंग तार मागे खेची आणि इंजिन मंदावे. सुकाणू काखेत, दांडी हातात, असा भागोजी पुन्हा खाडीवर आला.

त्या तारेवर त्याचा जीव. रोज संध्याकाळी तो नळीत खोबरेल सोडायचा. घरात बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्यालाच खोबरेल, मग तारेला वेगळं काय लावायचं?

पौष लागला आणि एका सकाळी दांडी सोडली तरी इंजिन आपलं धडधडतंच राहिलं. होडी धक्क्यावर आदळली. बाजाराला निघालेल्या तुळसाची सुक्या बांगड्यांची टोपली पाण्यात गेली, आणि मग ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. दुपारी मात्र तार अगदी शहाण्यासारखी वागली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पंत आवाज न चढवता म्हणाले की होडीत माणसं बसतात, अजून एकदा असं झालं तर इंजिन शनिवारच्या बोटीने परत जाईल. इंजिन गेलं की आपण ओटीवर बसून कोंबड्या हाकायच्या, हे भागोजीला सांगायला नको होतं.

त्याने इंजिनाकडचं तारेचं टोक सोडवून पाहिलं. तिथली दांडी बोट लावताच मागे उडाली, म्हणजे इंजिन निर्दोष. नळी चाचपली, ती कुठे मुडपलेली नव्हती. तारेचा पीळही उसवला नव्हता. शेवटी काळजीपोटी त्याने नळीत दुप्पट खोबरेल घातलं. शुक्रवारी उजाडताच रिकामी होडी काढून पाहिली, तर तार पहिल्यापेक्षा जास्त अडलेली.

तो खांदा धरून घरी आला. त्याच्या बायकोने, काशीने, चोळायला तेलाची बाटली घेतली, उपडी केली, पण थेंब येईना.

"तेल थिजलाय," ती म्हणाली. "वायच उन्हात ठेवतंव, मग चोळतंव."

भागोजी बाटलीतल्या पांढऱ्या गोळ्याकडे बघतच राहिला. आधी त्याला हसू आलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच पंतांच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"पंत, इंजिनात खोट नाय. खोट माझी. मी रोज सांजचा तारेत खोबरेल घालतंव. थंडीत ता थिजतंय."

पंत खाली पायांकडे बघत होते. ओटीवर शिवणयंत्राशी बसलेल्या त्यांच्या पत्नी सुमेधाबाईंना मात्र हसू आवरेना. त्यांनी सांगून टाकलं की हेही रोज पहाटे देवघरातली, समईच्या उबेला ठेवलेली खोबरेलाची बाटली घेऊन बाहेर पडतात, आपण समजत होतो देवळात जातात.

पंतांनी चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा केला. मग तिघांनी मिळून तार नळीतून काढली, नळीसकट घासलेटने धुतली आणि सुमेधाबाईंनी तिला यंत्राचं पातळ तेल लावून दिलं.

शनिवारी पहिल्या फेरीला पंत स्वतः होडीत बसले. धक्का जवळ आला, भागोजीने दांडी सोडली आणि इंजिन निमूट मंदावलं. दोन्ही पाय धक्क्यावर पडेपर्यंत तुळसाने टोपली छातीशी धरून ठेवली होती. सगळे उतरल्यावर भागोजीने विचारलं, की तुम्ही कशाला हो तेल घालत होता?

"वल्हवायला मला चार माणसं मिळाली असती, भागोजी," पंत होडीतून उतरता उतरता म्हणाले. "इंजिन मी तुझ्यासाठी आणलं होतं."

भागोजीने मान वळवली आणि तो उगाचच तारेवरून हात फिरवत बसला.