टिनाखालचा घोयरा

मी एक जुना घोयरा सरडा आहे. जुना म्हणजे म्हातारा. मित्रांनो, तुमच्या कुंपणावर डोकं वरखाली करत बसतो तो साधा सरडा वेगळा आणि मी वेगळा. माझ्या डोक्यावर पगडीसारखा उंचवटा आहे. माझा एक डोळा पुढे पाहतो, तेव्हा दुसरा खुशाल मागे पाहत असतो. माझी जीभ माझ्या अंगाएवढी लांब आहे आणि ती बाहेर जाऊन किडा घेऊन परत आलेली भल्याभल्यांना दिसत नाही. चालतो मात्र मी फार हळू. एक पाय उचलला की तो कुठे ठेवावा याचा मला बराच विचार करावा लागतो.

माझा जन्म दुसरबीडच्या शिवारातला. आमची आई ओलसर मातीत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं ज्याचं त्याने पाहायचं. मी अंड्यातून निघालो आणि जवळच्या बोरीवर चढलो. दिवसा अंगावर ऊन घ्यायचं, पानाआडचे किडे टिपायचे, पानांवरचे थेंब प्यायचे. अंधार पडला की फांदीच्या अगदी टोकाला जायचं, शेपटीचं वेटोळं करायचं, अंगाचा रंग फिका करायचा आणि झोपायचं. रात्री वारा सुटे, फांदी हले, अंग गार होई. या गारव्याची मला काही किंमत नव्हती. तो रोज फुकट येत होता.

त्या वेळी महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. दुसरबीडला विजेचे खांब आले नव्हते. ज्या बोरीवर मी राहायचो तिच्या शेजारी झुंबरबाईंचा मळा होता. वांगी, मिरची, थोडी मेथी. एका सकाळी झुंबरबाईंनी बांधावरचं गवत आणि बोरीचा पाला कापून भारा बांधला. त्या भाऱ्यात मी होतो. मला पळता येत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. मी फांदी घट्ट धरली आणि त्यांच्या डोक्यावर बसून गावात आलो.

अंगणात भारा सोडताच झुंबरबाई ओरडल्या. शेजारचे हिंमतराव काठी घेऊन धावत आले.

"सरका वहिनी! इखारी जनावर हाय हे. याची थुकी उडाली तं माणूस आंधळा होते."

मित्रांनो, माझ्यात विषाचा थेंबही नाही. पण मला ते सांगता येईना. मी भीतीने काळा पडलो, गाल फुगवले, तोंड उघडलं आणि फुस्स केलं. त्यामुळे हिंमतरावांची खात्रीच पटली. काठी वर गेली.

तेवढ्यात घरातून आवाज आला, "थांबा! मारू नका त्याले. इकडं आणा. पाहू द्या मले."

हिंमतरावांची काठी वरच राहिली. ते माझ्याकडे नाही, दाराकडे पाहत होते. झुंबरबाईसुद्धा दाराकडेच पाहत होत्या. मला कळेना, एका माणसाच्या बोलण्याचं यांना एवढं नवल का?

ते कडूबा होते, झुंबरबाईंचे यजमान. देऊळगाव राजाच्या बाजारला वांगी नेताना त्यांची बैलगाडी उलटली होती आणि पाय चाकाखाली सापडला होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात हाड जुळलं, पण पाय आखूड आणि वाकडा राहिला. काठी धरून रोज चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडूबा चालले नाहीत. ज्या वाटेने ते बैलांच्या पुढे धावायचे त्याच वाटेने आता लंगडत जायचं, हे त्यांना सोसेना. ते घरात बाजेवर पडून राहिले. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घेत. त्या घरात त्यांनी कित्येक दिवसांत काही मागितलं नव्हतं.

"अवं, पाहत काय राह्यली? आण ना इकडं," ते म्हणाले.

झुंबरबाईंनी मला फांदीसकट उचललं. अंगापासून लांब धरून त्यांनी मला आत नेलं.

खोलीच्या कोपऱ्यात मातीच्या घमेल्यात बाभळीची एक फांदी रोवली गेली आणि मी तिच्यावर राहू लागलो. रात्री वरून कोंबड्या झाकायचं डालं घालत. दिवसा खिडकीतून ऊन येई. झुंबरबाई मळ्यातून येताना पदराच्या गाठीत नाकतोडे बांधून आणत. पहिल्या दिवशी माझी जीभ सुटली आणि नाकतोडा नाहीसा झाला, तेव्हा कडूबा बाजेवर कोपरं टेकून अर्धे उठले.

"गेला कुठं? अवं, दुसरा सोड. नीट पाहू दे."

त्या दिवशी मला पोटभर खायला मिळालं.

कडूबांना माझ्याबद्दल सगळंच जाणून घ्यायचं होतं. हिंमतराव आता रोज येऊ लागले, लांब उभे राहून का होईना. ते म्हणाले, "जे समोर ठेवशीन त्याचा रंग घेते हा." कडूबांनी झुंबरबाईंचं लाल लुगडं माझ्यासमोर धरायला लावलं. मी हिरवाच राहिलो. मग हळदीचं फडकं धरलं. मी हिरवाच. हिंमतराव खजील झाले. पण सकाळी गारठलेला असलो की मी काळपट होतो, ऊन लागलं की उजळतो, बोका दिसला की अंगावर ठिपके उमटतात, हे कडूबांनी हळूहळू टिपलं. "त्याच्या मनात असते तसा रंग," ते म्हणाले. मला हे म्हणणं आवडलं. मीही त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहतच होतो. माणसाचाही चेहरा बदलतो, फक्त रंग तेवढे कमी असतात.

मग वैशाख आला.

त्या खोलीवर टिनाच्या पत्र्यांचं छप्पर होतं. पूर्वी तिथे मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत होतं. ते पाडून कडूबांनी मोठ्या हौसेने टिनं घातली होती, पावसात गळायला नको म्हणून. दिवसभर ती टिनं तापत. दिवसाच्या उन्हाचं मला काही नाही, नको झालं तर मी सावलीला सरकतो. पण रात्री सरकायला जागा नव्हती. सूर्य मावळे आणि खोली तशीच तापलेली राही. चूल त्याच खोलीत. गावातली सगळी माणसं अंगणात बाजा टाकून झोपत, झुंबरबाईही तिथेच निजत. आत आम्ही दोघेच, कडूबा आणि मी.

मला झोप येईना. मी पांढरट पडलो. तोंड उघडून बसू लागलो. डोळे आत गेले. नाकतोडा समोर आला तरी जीभ सोडावीशी वाटेना.

"काऊन तोंड उघडून बसला हा?" कडूबांनी विचारलं.

"तहान लागली असन," झुंबरबाई म्हणाल्या आणि पानांवर पाणी शिंपडलं. मी प्यालो. पण रात्री पुन्हा तेच.

मग कडूबांनी डाल्यावर ओलं गोणपाट टाकायला सांगितलं. थोडा वेळ बरं वाटलं. पुढे आतली हवा कोंडली, गोणपाटही कोमट झालं आणि मी वाफेत बसल्यासारखा झालो. सकाळी माझ्या नाकातून फेस येत होता. झुंबरबाईंनी घाईने गोणपाट काढून फेकलं. नंतर मला पाण्याच्या रांजणाशेजारी, ओल्या वाळूवर ठेवून पाहिलं. पायाखाली गार आणि डोक्यावर तापलेलं टिन. मी वाळूवर उतरून पडून राहिलो. मित्रांनो, झाडावरचं जनावर जमिनीवर पडून राहिलं की त्याचं काही खरं नसतं.

"मरते आता हे," हिंमतराव म्हणाले. या वेळी त्यांच्या हातात काठी नव्हती आणि ते लांबही उभे नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना झुंबरबाईंनी मुंग्या झटकण्यासाठी माझी फांदी अंगणात नेली आणि तिथेच कडुलिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली. पहाटेचा वारा होता. ऊन तापेपर्यंत मी तिथे होतो. आत आणलं तेव्हा मी हिरवट झालो होतो आणि एक नाकतोडाही खाल्ला.

कडूबा माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अवं, समजलं मले. याले पाणी नाही पाह्यजे. रात पाह्यजे."

"म्हंजे?"

"झाडावर दिवसा किती का ऊन असना, रात झाली की गार होते. तेवढ्यात याचं अंग निवते. आपल्या टिनाखाली रात होतच नाही."

त्या संध्याकाळी माझं डालं अंगणात, लिंबाखाली गेलं. वारा आला. मी फांदीच्या टोकाला गेलो आणि कितीतरी दिवसांनी शेपटीचं वेटोळं केलं. पण झोप लागते न लागते तोच डालं कलंडलं. हिंमतरावांचा बोका! त्याचा पंजा माझ्या शेपटीवर बसला. मी फुस्स केलं, पण बोक्याला कसलं फुस्स? झुंबरबाई दिवसभर मळ्यात राबून गाढ झोपल्या होत्या. आतून कडूबा ओरडले. त्यांच्या हाकेने त्या जाग्या झाल्या आणि बोक्याला हाकललं. माझ्या शेपटीचं टोक मात्र तुटलं. पालीची शेपटी पुन्हा येते. आमची येत नाही.

सकाळी हिंमतरावांनी मान खाली घातली. "मी बांधून ठेवतो बोक्याले. पन गावात बोके का एकच हायेत? सोडून दे याले शिवारात."

"अंगात जीव नाही त्याच्या. फांदी धरता येत नाही. सोडलं तं कावळे खातीन," कडूबा म्हणाले. "कोनीतरी राखन बसाले पाह्यजे."

झुंबरबाई भाकरी थापत होत्या. त्या थांबल्या. "कोन बसन? मी दिवसा मळा पाहू आन् राती सरडा पाहू? तुमाले झोप येत नाही. तुमी बसा."

मी एक डोळा कडूबांकडे लावला, एक झुंबरबाईंकडे. कडूबांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"अंगन रस्त्यावर हाय," ते हळूच म्हणाले. "पहाटेच्या मोटारीले जानारे लोक पाह्यतीन."

"पाहू द्या," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "म्या कितीदा म्हनलं बाहेर चला. माह्यासाठी नाही आले. आता या मुक्या जिवासाठी तरी चला."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार भीती वाटली. माझं जगणं त्या माणसाच्या एका शब्दावर होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपार गेली. टिनं कडकडली. दिवेलागण झाली. मी डाल्याखाली पांढरा पडायला लागलो होतो.

"हिंमतराव," कडूबांनी हाक मारली. "बाज धराले या."

हिंमतरावांनी एक बाजू धरली, झुंबरबाईंनी दुसरी. दारातून बाज निघताना कडूबांनी डोळे घट्ट मिटले होते. लिंबाखाली बाज टेकली. त्यांनी माझं डालं बाजेच्या पायाला बांधून घेतलं आणि काठी उशाशी ठेवली. वारा आला तेव्हा त्यांनी सदऱ्याची गुंडी सोडली.

"कसं वाटते?" झुंबरबाईंनी विचारलं.

"याले इचार," कडूबा म्हणाले. पण ते हसले होते.

पहाटे मोटारीला जाणारी माणसं आली. कोणी म्हणालं, "राम राम कडूबा, हाय का बरं?" कोणी विचारलं, "त्या डाल्यात काय ठेवलं?" पायाबद्दल कोणीच विचारलं नाही. माणसं डाल्याभोवती जमली. कडूबा त्यांना माझी जीभ दाखवू लागले, लाल लुगड्याची गोष्ट सांगू लागले. पाहता पाहता त्या लिंबाखाली रोज बैठक भरू लागली. माझं फार कौतुक झालं. एका आजीबाईंनी तर मला हळदकुंकूही वाहिलं. ते मला मुळीच आवडलं नाही, मला शिंका आल्या.

रात्री गारवा मिळू लागला तसा मी सावरलो. दिवसा मला उन्हात ठेवावं लागे आणि झुंबरबाई मळ्यात असत. म्हणून कडूबा काठी धरून उठू लागले. पहिल्या दिवशी ते माझी फांदी घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि घामाघूम होऊन परत बसले. पुढे तिथवर जाऊन आल्यावर बसावं लागेनासं झालं.

पुढे एक दिवस असा आला की माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. बैठकीत मिरचीच्या भावावर वाद चालला होता. नाकतोडे आणायचे राहून गेले. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तिन्हीसांजेला कडूबा माझ्याजवळ आले. हातात डालं होतं. त्यांनी ते झाकलं नाही. उपडं करून बाजूला ठेवलं आणि माझी फांदी परसातल्या शेवग्याला टेकवली.

"जा बे," ते म्हणाले. "आता तुले माही राखन नाही लागत."

मी एक पाय उचलला. नेहमीप्रमाणे बराच विचार केला. मग शेवग्यावर ठेवला.

तेव्हापासून मी इथेच आहे. आता अंग जड झालं आहे, नेमही पूर्वीसारखा लागत नाही. परवा कडूबा मळ्यातून काठी टेकत आले, तेव्हा बरोबर हिंमतराव होते. "याच झाडावर हाय तो," कडूबा म्हणाले आणि त्यांनी बोट दाखवलं. तिथे नुसता पाला होता. मी त्यांच्या डोक्यावरच्याच फांदीवर, दोन हातांवर होतो. ते त्या पाल्याशीच बोलले, "बरा हायेस ना बे?" मी हललो नाही. फार बरं वाटत होतं.

मित्रांनो, आम्हाला झाडावरून उतरवून घरी नेऊ नका. पण एखादा जखमी जीव तुमच्या हाती आलाच, तर तो काय खातो एवढंच विचारून थांबू नका. तो रात्र कुठे काढतो, हेही विचारा. स्वतः त्याच्याजवळ बसा, हात लावून पाहा, वारा येतो का ते पाहा. दिवसाचं ऊन सगळ्यांना दिसतं. रात्रीचा उकाडा ज्याच्या अंगाला लागतो त्यालाच कळतो, आणि त्याला नेहमी बोलता येतंच असं नाही.