एकाच पत्त्यावरून आलेल्या हरकती

कॉम्प्युटरला अक्कल नसते म्हणतात. ते खरं मानलं, तरी सोनालीनं त्याला स्वतःची उसनी द्यायला नको होती.

मुरबाडला वकीलसाहेबांच्या ऑफिसात ती कामाला होती. साहेबांचे सगळे जुने मेल ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेले, कारण फुकटचा मेलबॉक्स भरला की तिकडचे पुसावे लागत. आता कॉम्प्युटरची डिस्कही तुडुंब झाली. साहेब म्हणाले, "नवी डिस्क-बिस्क काही नको, आहे त्यातच जागा कर." मग सोनालीबाईंनी दुबार मेल हुडकणारा एक प्रोग्राम लावला. पाठवणारा तोच, विषय तोच, तारीख तीच असेल तर पहिला मेल ठेवायचा, बाकीचे उडवायचे. सोबतच्या फायली ताडून बघायचीही सोय होती. पण त्याला फार वेळ लागत होता, म्हणून तेवढी खूण सोनालीनं काढून टाकली. वर कॉम्प्युटरमधली कचरापेटीही रिकामी केली. निम्मी डिस्क मोकळी झाली आणि साहेबांनी खूश होऊन चहा पाजला.

आज दुपारी धरणाची सुनावणी होती. धरणात टोकावड्याकडचं तिचंच गाव जात होतं. गावानं वर्षापूर्वी मेलवरून हरकती पाठवल्या, आणि त्या मुदतीत आल्याच नाहीत असं आता वरून सांगत होते. पाठवल्याचा पुरावा एकच, त्याच वेळी साहेबांना धाडलेल्या प्रती. त्या छापायला सकाळी सोनालीनं शोध घेतला, तर एकच मेल निघाला.

तिनं पुन्हा शोधलं. तोच एक.

गावात स्वतःचा मेल असतो कुणाला? अख्खं गाव त्या दिवशी धनेशच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेला लागलं होतं. पत्ता धनेशचा, विषयही त्यानंच एकदा टाईप केलेला, 'हरकत अर्ज'. वेगळी होती ती फक्त सोबतची फाईल. सोनालीनं धनेशला फोन लावला.

"माझ्याकडं कुठं ऱ्हातंय," धनेश म्हणाला. "मेल भरला का मी सगळं उडवतो. वकिलाकडं हाय ना?"

उरलेला मेल उघडायला तिची छाती होईना. शेवटी उघडला. अर्ज विठूचा होता, म्हणजे तिच्या बापाचा. नेहमीसारखा तो सगळ्यांच्या आधी जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला होता.

नोकरी गेली तर गेली. पण कॉम्प्युटरनं आपणहून बापाचाच अर्ज ठेवला, हे शेंबडं पोर तरी मानेल का? पोरीनं घरचं तेवढं राखलं आणि गाव बुडवलं, असंच म्हणतील. आणि बापाला त्याच गावात दिवस काढायचे होते. हाही उडवून टाकावा, सगळे सारखे होतील, असं तिच्या मनात आलं. बोट माऊसवर गेलंसुद्धा. मग स्वतःचीच भीती वाटून तिनं हात मांडीखाली दाबून धरला.

तेवढ्यात फोन वाजला. बाप जीपमधून बोलत होता.

"सोनू, आमी निघालो गो. आपला अर्ज हाय ना?"

"हाय, बाबा. पण..."

"हाय म्हंजे झालं. मी सांगत व्हतो, पोर तिथं बसलीय, काय काळजी नाय."

"बाबा, आयका. आपला एकट्याचाच हाय. बाकीचे माझ्या हातनं गेले."

जीपच्या घरघरीतून आता गुणाकाकी बोलली. शेजारची गुणाकाकी, जिच्या ओटीवर सोनाली लहानाची मोठी झाली.

"फोन स्पीकरवर हाय, सोनू," काकी हळू म्हणाली. "आमी सगळी आयकतोय. बोल."