भारतीच्या वहीतला कार्बन

मी एक जुना कार्बन पेपर आहे. बोटं निळी होतील म्हणून मला असं चिमटीत धरू नका, मित्रांनो. नीट हातात घ्या. मला राग येतो.

१९९५ साली पाथर्डीच्या एका कॉलेजात सुमन मॅडमनी मला आणलं. बारावीत भारती नावाची मुलगी होती. लहानपणी तापात तिचे कान गेले. समोरच्याचे ओठ पाहून तिला बोलणं कळायचं, पण लिहायला मान खाली घातली की पुढचं वाक्य निसटलंच. मॅडमनी वर्गाला विचारलं, "हिच्यासाठी कोण लिहिणार?" सहा हात वर आले. प्रत्येकाला एक वार मिळाला. ज्याचा वार, त्याने आपल्या पानाखाली मला घालायचं आणि माझ्याखाली कोरं पान. तास संपला की खालचं पान भारतीचं.

काही जण इतक्या हलक्या हाताने लिहायचे की खाली धड रेघ उमटायची नाही. अरे, घरून जेवून येता ना? तरी काम चाललं आणि भारती शिकत राहिली.

दसऱ्याच्या आधी तिचे वडील सूर्यभान कॉलेजात आले. ऊसतोडीला निघायचं होतं. पोरीचा दाखला काढून तिलाही मोळ्या बांधायला न्यायचं त्यांच्या मनात होतं. नेमका तो रामचा वार. तास संपल्यावर त्याने खालचं पान काढलं, तर कोरं!

"मॅडम, कार्बन संपलाय," राम म्हणाला.

वा रे शहाण्या! मी संपलो? गधड्याने माझी निळी बाजू वर करून मला उलटा घातला होता! पण माझं कोण ऐकणार?

सूर्यभाननी ते कोरं पान पाहिलं. "लिवून देनारी पोरं बी कट्टाळली. चल, उचल दप्तर," ते म्हणाले.

भारती जागची हलली नाही. तिने रामची वही ओढली आणि त्याचं पान पालथं करून दाखवलं. मागे अख्खा धडा उलट्या अक्षरांत उमटला होता. मग तिने मला सुलटा घातला आणि वही रामपुढे सरकवली.

"परत लिही. पयल्यापासून."

राम लिहीत बसला. मधली सुट्टी गेली, डबा तसाच राहिला. तीन पानं झाली. सूर्यभान दारातून सगळं बघत होते.

"म्हंजी पोरं कट्टाळली न्हाईत?" ते हळूच म्हणाले.

भारतीने त्यांचे ओठ वाचले. "न्हाई," ती चांगली मोठ्याने म्हणाली. "आन् मी कारखान्यावर येनार न्हाई, नाना. तुमी जा."

ते गेले, दाखला न काढताच. भारती रंगुबाई आत्याकडे राहिली.

आता झेरॉक्स आलं, मला कुणी विचारत नाही. नका विचारू! पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाला ऐकू येत नसेल, दिसत नसेल, तर 'बिचारी' म्हणून मोकळे होऊ नका. आपला वार मागून घ्या. चुकलात तर पुन्हा लिहा. तीन पानं लिहून रामचा हात काही मोडला नाही.