नळ चावते

गोवर्धन सरांनी विजेवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा जठारपेठेतल्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले आणि प्रत्येक पेढ्यामागे पाच-पाच मिनिटं विज्ञानही. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती, तरी समोर दोन माणसं उभी राहिली की त्यांचा हात आपोआप खडू शोधायचा.

त्यांची मुलगी अपेक्षाही त्याच वाटेने गेली होती. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती ज्युनिअर कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची. म्हणजे घरात माणसं तीन, त्यातली दोन विज्ञानाची. तिसरी आई, शकुन. भातकुलीकडच्या, मोगरा-शेवंती लावणाऱ्या माळ्याच्या घरातली, सातवी शिकलेली.

गाडीची पहिली लांबची फेरी शुक्रवारी ठरली होती. अकोल्याहून अमरावती. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, आईसाठी.

कारण अंगणातला नळ तिला चावायचा.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती हे पहिल्यांदा बोलली. भांडी घासता घासता हात झटकत आत आली आणि म्हणाली, "अवो, नळ चावते."

बाबा लगेच उठले, अंगणात गेले, नळाला हात लावला, तोटी दोनदा फिरवली. "कुठं चावते? मले काहून नाई चावत मंग?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग दर उन्हाळ्यात. पावसाळा लागला की तक्रार बंद. बाबांना यातच आजाराचा पुरावा सापडला. "नळाले ऋतू समजतात का? लोखंड हाये ते. मनाचा खेळ हाये सारा." घरच्या डॉक्टरांनी आधी ताकदीच्या गोळ्या दिल्या, मग नसांच्या, मग झोपेच्या. आई त्या मुकाट घ्यायची आणि दुपारी बसल्या जागी डुलक्या घ्यायची.

अपेक्षानेही आपल्या परीने मदत केली होती. एका सुटीत तिने आईसमोर कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. "आई, तुझ्या नायलॉनच्या साड्यांनी होते हे. घर्षणानं वीज तयार होते. काही धोका नसते." आईने कपट्यांकडे पाहिलं, मान डोलावली. त्यानंतर तिने नळाचं नाव काढलं नाही. फक्त भांडी घासायला जाताना बाबांच्या जुन्या रबरी चपला घालू लागली. पायापेक्षा चार बोटं मोठ्या. शेजारच्या सुंदराबाईंनी भिंतीवरून विचारलंच एकदा, "काहो शकुनबाई, सरांच्या चपलांवर जीव जडला का?"

गेल्या महिन्यात चपला घरातच राहून गेल्या आणि आई अनवाणी नळाशी गेली. हातातला पाण्याचा भरलेला गुंड पायावर पडला, अंगठ्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, "चावला." तेव्हा बाबांनी अमरावतीची वेळ घेतली.

आईने विरोध केला नाही. बुधवारीच तिने पिशवी भरून ठेवली. दोन साड्या, गोळ्यांचा डबा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या.

त्याच बुधवारी सकाळी गाडीच्या कंपनीचा माणूस चार्जर बसवायला आला. गजेंद्र नाव, अमरावतीचा, पस्तिशीचा. मे महिन्याचं ऊन दहा वाजताच डोक्यावर आलं होतं. त्याने पोर्चमध्ये पेटी उघडली, भिंतीला चार भोकं पाडली आणि मग खिशातून एक फॉर्म काढला.

"सर, हे आधी भराचं रायलं. मंजूर भार किती? मीटर कोनाच्या नावानं? घरात लहान मुलं?" बाबा पटापट उत्तरं देत होते. गजेंद्र वर न बघता बोलत होता, शंभरदा विचारलेले प्रश्न विचारावेत तसा. "नळाले, फ्रिजले, मोटरीले हात लावला तर कोनाले करंट लागते का?"

"नाही," बाबा म्हणाले.

अपेक्षा तिथेच उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. अपेक्षाचं आईकडे लक्ष गेलं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. गजेंद्रने 'नाही'च्या चौकटीत फुली मारली.

बारापर्यंत चार्जर भिंतीवर चढला. बाबांनी नारळ आणून ठेवला होता. गजेंद्रने बटण वर केलं. डब्यावर हिरवा दिवा लागायचा होता, तो लाल लागला. बंद करून पुन्हा लावला. लालच.

"चार्जर खराब दिसते," बाबा म्हणाले.

"चार्जर नवा हाये, सर. यानं नाई म्हटलं म्हंजे अर्थिंगमध्ये काई तरी हाये. जमिनीत रस्ता सापडल्याबिगर हा करंट घेतच नाई." त्याने हातातल्या व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन तारा बोर्डात घातल्या. फेज आणि न्यूट्रल: दोनशे तीस. बरोबर. मग न्यूट्रल आणि अर्थिंग. मागे टाकी भरणारी मोटर चालू होती.

अपेक्षाने आकडा वाचला आणि तिला वाटलं, तार सरकली असेल. तिने स्वतः तार दाबून धरली. अठ्ठ्याऐंशी.

"किती पाह्यजे?" बाबांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. दर वर्षी नववीच्या फळ्यावर त्यांनी ते चित्र काढलं होतं: खड्डा, नळी, मीठ, कोळसा.

"दोन-तीन. फार तं फार पाच." गजेंद्र आता वर बघून बोलत होता. "खड्डा कुठं हाये, सर?"

बाबांनी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पायाखाली बोट दाखवलं.

निवृत्तीच्या वर्षी अंगणात सिमेंटचे गट्टू बसवले होते, चिखल नको म्हणून. त्याआधी तिथे काळी माती होती आणि कोपऱ्यात, अर्थिंगच्या नळीशी, आईचा मोगरा. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, रोज दोन बादल्या त्या मोगऱ्याला. गट्टू आले, मोगरा गेला, ते पाणीही गेलं.

गजेंद्रने पहारीने आठ-दहा गट्टू उचकटले. खालची वाळू बाजूला केली. तिघंही वाकून बघत राहिले.

काळी माती उन्हाने फाटली होती. वऱ्हाडात हे कोणाला नवीन नाही; मे महिन्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पण इथली भेग नेमकी नळीभोवती होती. माती आकसून चहूबाजूंनी मागे सरली होती आणि मधे नळी एकटी उभी होती, कशालाच न टेकता. गजेंद्रने तिला दोन बोटांनी ढकललं. दुखऱ्या दातासारखी ती हलली. अपेक्षाने भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत कोरडी, गरम हवा होती.

"पावसाळ्यात माती फुगते, नळीले चिपकते," गजेंद्र म्हणाला. "तवा ठीक राहत असन. उन्हाळ्यात हे असं."

अपेक्षाचा हात भेगेतच राहिला. तिच्या डोक्यात बाबांचं वाक्य पुन्हा वाजलं. नळाले ऋतू समजतात का?

"पन नुसती अर्थिंग गेल्यानं अठ्ठ्याऐंशी येत नाई," गजेंद्र उठत म्हणाला. "घरात कुठून तरी करंट गळून रायला. आन् गळते तं ब्रेकर पडाले पाह्यजे." त्याने घराच्या विजेच्या पेटीचं झाकण उघडलं. करंट गळायला लागला की घराची वीज बंद करणारा तो ब्रेकर पेटीत होता, पण त्याच्या खालून-वरून एक लाल तार जोडून त्याला वगळलं होतं.

"हे कोनं केलं, सर?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "ते सारखं पडे. दिवसातून चार-चारदा. मोटर लावली का पडे. मले वाटलं, बिघडलं. वायरमनला बोलावून बायपास करून घेतलं."

"कधी?"

"गट्टू बसवले त्याच वर्षी."

बिघडला नव्हता, अपेक्षाने मनात म्हटलं. मोटर गळत होती आणि तो सांगत होता.

टाकी भरून मघाशीच बंद केलेली मोटर गजेंद्रने पुन्हा सुरू केली. एक तार नळाखालच्या, गट्टू नसलेल्या ओल्या मातीत खोचली, दुसरी नळाला लावली. मीटरवर आकडा चढला. बहात्तर. शहात्तर. त्याने मोटर बंद केली. आकडा पडला.

गजेंद्रने खिशातून मघाचा फॉर्म काढला. या वेळी त्याने सर्वांकडे बघत, एकेक शब्द सुटा करत विचारलं. "या नळावर करंट कोनालेच लागला नाई?"

"मले," आई म्हणाली.

ती केव्हा बाहेर आली कोणालाच कळलं नव्हतं. पायात त्या मोठ्या चपला, अंगठ्याला अजून पट्टी.

"पाच वर्सं झाले, भाऊ. गुढीपाडवा झाला का सुरू होते, पहिले दोन-तीन पाऊस पडले का बंद. मोटर सुरू असली तरच. दुपारी जास्त, सकाळी कमी." ती थांबली, मग अपेक्षाकडे वळली. "तू म्हन्लं साडीनं होते. मी सुती साड्या घेतल्या. तरी चावे. मंग बांगड्या काढून पाह्यल्या. जोडवे काढून पाह्यले. ओल्या हातानं, कोरड्या हातानं. चपला घातल्या तवा थांबलं. मंग चपलाच घातल्या."

अपेक्षा दर वर्षी जून महिन्यात अकरावीच्या मुलांना सांगायची: एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि काय होतं ते लिहा. एकेक करून, कोणी न शिकवता, अंगाला झटके घेत आईने हेच केलं होतं. आणि तिने कपटे उचलून दाखवले होते.

"सांगतलं काहून नाई मंग तू?" तिने कसंबसं विचारलं.

"सांगतलं ना. तुमाले दोघाले. किती वेळा सांगाचं?"

"पण मी हात लावला होता!" बाबांचा आवाज चढला. रागाचा नव्हता, घाबरल्याचा होता. "शकुन, तुझ्यासमोर लावला होता. दहादा लावला असन. मले काही झालं नाही!"

"चपला काढून लावा," आई म्हणाली.

मोटर पुन्हा कोणी सुरू केली ते अपेक्षाला नंतर आठवेना, बहुतेक बाबांनीच. मीटरची तार अजून नळालाच होती. बहात्तर, शहात्तर, अठ्ठ्याहत्तर.

"सर, नका," गजेंद्र पुढे झाला. "जीव जाते यानं."

बाबांनी उजवा पाय चपलेतून अर्धा काढला. टाच ओल्या जमिनीवर टेकणार तोच त्यांनी मीटरकडे पाहिलं. मग नळाकडे. मग तो पाय हळूच परत चपलेत गेला.

आईने ते पाहिलं, अपेक्षाने पाहिलं. बाबांनीही आपल्याच पायाकडे पाहिलं आणि तिथेच पोर्चच्या पायरीवर बसले. मोटरचं बटण बंद करायला गजेंद्रला हाताने खूण केली. चपला घालायला लागेपर्यंत ती इथे रोज अनवाणी उभी राहायची, हे त्यांना आता कळलं, आणि कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सगळं वय एकदम उतरून आलं.

"मेली असती तू," ते म्हणाले.

"हाव," आई म्हणाली. "मले मालूम होतं."

फोन बाबांनी स्वतः लावला. अमरावतीच्या दवाखान्यात कोणी मुलगी बोलत होती. "शुक्रवारची वेळ रद्द करायची आहे... नाही, पुढची नको... कारण?" बाबा थांबले. "पेशंटला काही झालेलं नव्हतं. आम्हीच ऐकलं नाही." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. त्यांनी फोन ठेवून दिला.

"आन् गोळ्या?" आईने विचारलं. पिशवीतून डबा काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. "हे पाच वर्स कशाच्या घेतल्या मी?"

त्या गोळ्या हळूहळू कशा कमी करायच्या हे डॉक्टरांना विचारावं लागेल, एवढंच अपेक्षाला सुचलं, आणि तेही ती हळू आवाजात म्हणाली.

गुरुवारी गजेंद्र दोन माणसं घेऊन आला. जुनी मोटर निघाली, नवी लागली. ब्रेकरवरची लाल तार कापली. अंगणाच्या कडेला, जिथे गट्टू नव्हते, तिथे दोन नवे खड्डे झाले. तांब्याच्या सळया, भोवती पाणी धरून ठेवणारी पावडर, वर पाणी ओतायला झाकणाचा डबा. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दीड आला. चार्जरचा दिवा हिरवा झाला. बाबांनी नारळ फोडला नाही. तो तसाच राहिला. गजेंद्रने नवा फॉर्म काढला आणि त्या प्रश्नाशी आला तेव्हा सरांकडे न बघता आईला विचारलं, "काकू, काय लिहू?"

"थांब थोडं," आई म्हणाली.

ती भांड्यांचं टोपलं घेऊन नळाशी गेली. पायात त्याच चपला. अपेक्षा मागोमाग गेली.

"आई, आता काढ त्या. सारं तपासलं हाये. मी सोता मोजलं. आता काही होत नाही."

आईने टोपलं खाली ठेवलं. "हेच तू मागं बी सांगतलं होतं."

अपेक्षाने मान खाली घातली. मग तिने आपल्या सँडल काढल्या, बाजूला ठेवल्या. जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं. बाबांना म्हणाली, "मोटर लावा." मोटर सुरू झाली. तिने ओल्या मातीत दोन्ही पाय रोवले आणि ओल्या मुठीत नळ धरला. लोखंड थंड होतं. दुसरं काही नव्हतं. तरी तिचं काळीज धडधडत होतं, आणि पाच उन्हाळे रोज भांड्याला बसताना आईचं असंच होत असेल, हे तिच्या लक्षात आलं.

आई तिच्या हाताकडे बघत नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, टक लावून.

"झालं ना?" अपेक्षा म्हणाली. "सोडू?"

"नको," आई म्हणाली. "अजून धर."