वाकडी बंदूक

"पट्टीला हात लावू नको म्हणलं ना, भक्ती!"

राजेश्रीनं लेकीचं बोट गालावरून बाजूला केलं. सहा वर्षांच्या भक्तीच्या उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवलेली होती आणि हातात मोबाईल होता. पलीकडं सासूबाई, धुरपताबाई, सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"समदी दुनिया लेकराच्या हातातला मोबाईल काढून घ्यायलीय, आन् तू द्यायलीस. ते बी चांगला डोळा झाकून! शिकल्याल्या बायांचं नवलच हाय."

"डॉक्टरांनीच सांगितलंय, आत्याबाई. चांगला डोळा झाकल्याबिगर दुसरा काम करत न्हाई."

परभणीच्या डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, ते राजेश्रीच्या काळजात रुतून बसलं होतं. आळशी डोळा लहानपणी शिकला तर शिकला, मोठेपणी नाही. रोज दोन तास पट्टी, आणि तेवढ्या वेळात मणी ओवणं, चित्रं रंगवणं, गेम, बारीक नजरेचं काहीही. पहिल्या दिवशी भक्तीला भिंतीवरच्या कॅलेंडरचे ठळक आकडेसुद्धा दिसले नव्हते. आता महिना होत आला. नवरा हरिओम ड्यूटीवर गेला, की पूर्णेच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये राजेश्री लेकीचा डोळा न्याहाळत बसायची. तो शिकतोय की नाही, बाहेरून कळायला काही मार्गच नव्हता.

मणी कॉटखाली गेले, रंगांचा कंटाळा आला. गेम तेवढा टिकला. आणि गेममधलं राजेश्रीला कळत होतं. लहानपणी माहेरी, चुडाव्याला, टीव्हीला गेमचा डबा जोडून, त्यात कॅसेट खुपसून ती आणि धाकटा भाऊ योगीराज अख्खी सुट्टी काढायचे. विटा रचायचा गेम तिच्या मते सगळ्यांत न्यायी. फट राहिली तर ती आपणच ठेवलेली, बोलायची सोय नाही. रणगाड्यांचा गेम भांडकुदळ भावंडांनाही एका बाजूनं लढायला लावायचा. आताचे गेम मात्र तिला गोडबोल्या दुकानदारासारखे वाटत. हरलं तरी वाहवा करतात, वर एक पेटी बक्षीस देतात, आणि पेटी उघडली की आतून जाहिरात निघते. मिठाया फोडायचा गेम तिनं म्हणूनच काढून टाकला होता. गाड्यांच्या शर्यतीनं भक्ती रडकुंडीला आली, तोही गेला.

जुन्यांपैकी एकाच गेमवर तिचा कायमचा राग होता. बदकांचा. प्लास्टिकची बंदूक टीव्हीवर रोखायची आणि उडती बदकं पाडायची. तिला कधी एकही पाडता आलं नाही.

"बंदूकच वाकडीय," ती चिडून म्हणायची.

"बंदूक बराबर हाय, ताई. तूच आंधळी हाईस!" योगीराज खिदळायचा.

परवा त्यानंच भाचीसाठी तसला एक गेम मोबाईलवर पाठवला होता. राजेश्रीनं तो उघडलाही नव्हता. आज भक्तीनं शोधून काढला.

"आई, हे खेळू?"

"भिकार गेम हाय तो. दुसरा घे."

"मला हाच पायजे. आन् तू बी पट्टी लाव. मी एकटीच का म्हणून लावू?"

"घे आता!" धुरपताबाईंना हसू आलं. "लाव की. लेकराला रोज लावायलीस, एकदा सोता बी लावून बघ."

राजेश्रीनं पाकिटातली एक पट्टी काढली आणि भक्तीसारखीच उजव्या डोळ्यावर चिकटवली.

मोबाईलवर धुकं पसरलं. तिनं डावा डोळा चोळला. भिंतीकडं पाहिलं. कॅलेंडरवर नुसता पांढुरका चौकोन होता.

हे धुकं तिच्या ओळखीचं होतं. चुडाव्याच्या टीव्हीपुढं नेम धरायला उजवा डोळा मिटला की हेच पसरायचं. एक डोळा मिटल्यावर सगळ्यांना असंच दिसतं, अशी तिची समजूत होती. गेममधली खरी अवघड गोष्ट तीच, असं वाटायचं तिला.

मोठेपणी नाही, डॉक्टर म्हणाले होते.

"आई, मार ना! बदक चाललं!"

"कुठाय?"

"ते काय, झाडाच्या वर. बारकं. चोच पिवळी हाय बघ त्याची."

राजेश्रीचं बोट अधांतरी राहिलं.

"कशी हाय चोच? परत सांग."

"पिवळी! गेलं ना ते. लयच हरायलीस तू."

धुरपताबाईंनी सूप खाली ठेवलं. सुनेचा चेहरा त्यांना वेगळाच दिसला. "काय झालं गं?"

"काई न्हाई, आत्याबाई," राजेश्रीचा आवाज ओला झाला. "पोरीला दिसायलंय."

पुढचं बदक आलं असावं. भक्तीनं आईचं बोट मुठीत धरलं आणि काचेवरून सरकवत नेलं.

"इथं. आता दाब."

तिनं दाबलं. पंखांची फडफड झाली.

"पडलं! आई, तू पाडलंस!"

राजेश्रीला ते पडताना दिसलं नाही. पण तिनं पट्टीला हात लावला नाही. पदरानं डावा डोळा तेवढा पुसला आणि लेकीकडं सरकून बसली.

"दुसरं कुठाय?" तिनं विचारलं.