मुठीतलं पाणी

हेमालीने ओटीवर तीन बरण्या ओळीने मांडल्या. एकीत अठरा ग्रॅम पाणी, दुसरीत तीनशे बेचाळीस ग्रॅम साखर, तिसरीत साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ. वजनं वेगवेगळी, पण प्रत्येकीत एकेक मोल. म्हणजे सहावर तेवीस शून्यं द्यावीत, साधारण तितके कण. अकरावीतून तालुक्याच्या प्रदर्शनाला एकच प्रयोग जाणार होता आणि निवड उद्याच होती. रुचिता मॅडमनी बजावलं होतं, "बरणीवर जो आकडा लिहाल, तेवढंच आत असलं पाहिजे."

मीठ तिने दुकानातून आणलं नव्हतं. दयाराम आजोबांनी चाळीस वर्षं खाडीकाठी मीठ पिकवलं होतं. आता दोन वाफे उरले होते, पण ते अजून रोज सकाळी तिकडे जात. त्यांचंच मीठ बरणीत होतं. ते दाखवायला तिने त्यांना हाक मारली.

आजोबांनी चिमूटभर मीठ चाखलं नाही की पाहिलं नाही. सरळ बरणी तळहातावर उपडी केली, मूठ आवळली आणि सोडली. मिठाचा गोळा क्षणभर तसाच राहिला, मग एका बाजूने ढासळला.

"ह्यात पानी हाय, बाय."

"आजोबा, काट्यावर मोजलंय मी! दशांशापर्यंत!"

"काटा वजन सांगतो. त्यातलं मीठ किती, त्ये काटा न्हाय सांगत." त्यांनी पुन्हा मूठ आवळली. "ईस भागांत एक भाग पानी."

हेमालीला रडू आलं. रात्रभर जागून केलेला तक्ता भिंतीला टेकून उभा होता. आजोबांच्या बोलण्याकडे काणाडोळा करावा, तर मॅडमना कळणार नव्हतं. पण तिला तर कळलंच होतं.

तिने मीठ पुन्हा मोजलं: साडेअठ्ठावन्न. मग ते तव्यावर घातलं. तडतड सुरू होताच आजोबा म्हणाले, "झाकन ठेव, जरा तिरकं. उडालेला दाना काटा मोजनार न्हाय." वाफ निघून गेली, आवाज थांबला. थंड झाल्यावर तिने मीठ काट्यावर ठेवलं.

साडेपंचावन्न.

तीन ग्रॅम गेले होते. विसावा भाग म्हणजे दोन पूर्णांक नऊ. आजोबांची मूठ दशांशाने चुकली होती. हेमालीने वही ओढली. तीन भागिले अठरा, मोलचा सहावा हिस्सा. गुणिले सहावर तेवीस शून्यं. उत्तर पाहून तिने ते पुन्हा केलं. एकावर तेवीस शून्यं. पाण्याचे तेवढे रेणू त्यांनी नुसत्या तळव्याने ओळखले होते.

"आजोबा, कसं कळलं?"

"कोरडं मीठ बोटांतून पळतं. ओलं हाताला धरून ऱ्हातं. त्यात काय मोठं?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मिठाची बरणी काट्यावर ठेवली आणि भुवया उंचावल्या. "तीन ग्रॅम कमी?"

"तेवढे इथे आहेत, मॅडम." हेमालीने शेजारची परीक्षानळी पुढे केली. वाफ होऊन गेलं तेवढंच, तीन ग्रॅम पाणी तिने तळाशी मोजून घातलं होतं. मिठाच्या बरणीवर 'एक मोल' खोडून 'शून्य पूर्णांक पंचाण्णव मोल' लिहिलेलं होतं, खाली बारीक अक्षरांत 'इतर क्षार धरलेले नाहीत'. नळीवर होतं, 'आजोबांच्या मुठीने सापडलेले कण'.

हेमालीने आजोबांची गोष्ट सांगितली, तशी मॅडमनी तिने आणलेल्या न भाजलेल्या मिठाची मूठ आवळली. सोडली. पुन्हा आवळली.

"मला काहीच कळत नाही गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तालुक्याला येतील का ते?"

संध्याकाळी हेमालीने विचारलं, तेव्हा आजोबा पायांवरचा चिखल धूत होते.

"येतो की," ते म्हणाले. "काटा तू आन. मूठ मी आनतो."